मिल कामगाराच्या घरात आठ दिवस: सॉल्टेअर, यॉर्कशायर

माझे वडील कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये रिंग खात्याला, म्हणजे सूत कातायच्या खात्याला होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, तरी आईचा स्वयंपाक, आमची शाळा, आजीची पूजा, सगळं मिलच्या भोंग्यावर चालायचं. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लीड्सला लेकीकडे असताना ती म्हणाली, "आई, तुम्हा दोघांसाठी एका खेड्यात आठवडाभर घर घेतलंय, जुन्या मिल कामगारांचं," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "मिल चालू आहे का?" ती म्हणाली, "मिल बंद झाली, पण दारं उघडी आहेत. जाऊन तर बघ की." बघून आले. लीड्स-ब्रॅडफर्डला मुलं असणारी बरीच घरं कोल्हापुरात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी घराबद्दल. लीड्सहून रेल्वेनं पाव तास-वीस मिनिटांत सॉल्टेअर येतं. फलाटावर उतरलं की एका बाजूला मिलची भिंत, मधासारख्या रंगाच्या दगडाची, मान वर करून बघावी लागते. हे स्टेशन १९६५ ला बंद केलं होतं, १९८४ ला पुन्हा सुरू झालं. तिथून आमचं घर पाच मिनिटांवर. खाली बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, वर दोन लहान खोल्या, मागे फरशीचं परडं आणि परड्याच्या दाराबाहेर बोळ. जिना अगदी उभा. गुडघे दुखणाऱ्यांनी हे घर घेऊ नये, स्पष्टच सांगते. परड्याच्या कोपऱ्यात पूर्वी संडास होता, आता तिथं कचऱ्याचे डबे. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, चूल होती तिथं आता विजेची शेगडी. घर झाडूनपुसून लख्ख होतं, पांघरुणं धुतलेली, स्वयंपाकघरात चहा-साखरेपासून तेलापर्यंत सगळं. भाडं लीड्समधल्या बऱ्या हॉटेलच्या तीन रात्रींइतकं, आणि आम्ही सात रात्री राहिलो.

तक्रार एकच, पण मोठी. पहिल्या रात्री घर गरम करणारं यंत्र चालेना. ज्या कंपनीमार्फत घर घेतलं तिचा फोन रात्री कुणी उचलला नाही, माणूस आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तिकडचा मे म्हणजे आपला पौष. आम्ही दोघं शाली पांघरून बसलो होतो तेवढ्यात शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दार वाजवून आत आल्या. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या दिव्यावरून नवीन माणसं आल्याचं त्यांना कळलं होतं, आणि या घरातलं यंत्र दर वेळी पहिल्या रात्री रुसतं हेही ठाऊक होतं. गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या त्या घेऊन आल्या होत्या, वर विणलेली खोळ घातलेल्या. मी त्यांना मनातल्या मनात आक्का म्हणायला लागले. पुढचे सगळे दिवस त्याच आमच्या शेजारीण, आणि या घराला मी पाचपैकी चार देते त्यात अर्धा वाटा त्यांचा आहे.

गाव एका माणसानं वसवलेलं आहे. टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा लोकरीचा कारखानदार. लिव्हरपूलच्या गोदामात कुणी घेत नव्हतं अशी अल्पाकाची लोकर त्यानं घेतली, सुताच्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, तिचा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून चकचकीत कापड काढलं आणि त्यावर मोठा झाला. अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या जातीतला लोकरी प्राणी. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचा काळा अल्पाक्याचा कोट आला. लग्नकार्याला आणि कोर्टाच्या तारखेला तेवढा ट्रंकेतून निघायचा. तो शब्द आमच्या घरी कोटाचाच होता, त्यामागे जनावर आहे हे मला त्रेसष्टाव्या वर्षी यॉर्कशायरात कळलं.

त्या वेळचं ब्रॅडफर्ड धुरानं आणि घाण पाण्यानं भरलेलं होतं, १८४९ ला तिथं पटकीनं माणसं मेली. सॉल्टनं शहरातल्या आपल्या गिरण्या हलवून चार मैलांवर एअर नदीच्या काठी एकच मोठी मिल बांधली. ती उघडली २० सप्टेंबर १८५३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. सॉल्ट आणि एअर मिळून सॉल्टेअर. पुढच्या वीसेक वर्षांत आठशेच्या वर घरं, प्रत्येकाला स्वतःचं पाणी, गॅस आणि संडास, शिवाय शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरं, सभागृह, चर्च, बाग. गल्ल्यांना नावं घरच्या माणसांची. कॅरोलाइन ही बायको, जॉर्ज, अमेलिया, एडा, हेलन ही मुलंबाळं. हे ह्यांना फार आवडलं, म्हणाले, "आपल्याकडं राजारामपुरी, जयसिंगपूर, तसंच की." खरंच आहे. शाहू महाराजांच्या मुलाचं नाव एका ठिकाणी, वडिलांचं दुसऱ्या.

गाव दाखवणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर आम्ही दीड तास फिरलो, तेही जरूर करा. घरांचा दर्जा कामावर ठरायचा, हे त्यांनी दाखवल्याशिवाय दिसत नाही. मुकादमांची घरं मोठी, पुढे छोटी बाग. साध्या कामगाराचं दार थेट रस्त्यावर. गावात दारूचं दुकान सॉल्टनं काढू दिलं नाही, गल्लीतून दोऱ्या बांधून धुणं वाळत घातलेलं त्याला खपत नसे. मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे, म्हणून माझं लक्ष शाळेकडे जास्त. १८६८ ची इमारत सुंदर आहे. तरी त्या काळच्या कायद्यानं आठ वर्षांपासूनची मुलं अर्धा दिवस मिलमध्ये आणि अर्धा दिवस वर्गात असायची, आणि सॉल्टच्या मिलमध्येही ती होती. दुपारी माग सोडून आलेलं पोर पाटीवर काय लिहिणार? आमच्या महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला तो मुलाला कामावरून सोडवून पूर्ण शाळेत बसवण्यासाठी. सॉल्टबद्दल मला आदर वाटला. १८७६ ला तो गेला तेव्हा ब्रॅडफर्डच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उभी होती, ती उगाच नाही. पण काम गेलं की घर जायचं, हे माझ्या मनातून गेलं नाही. वडील संपात होते तेव्हा आमच्या डोक्यावरचं छप्पर मालकाचं नव्हतं, म्हणून आई धीरानं राहू शकली.

आता मिल. इथं मी तीन वेळा गेले.

सॉल्ट्स मिल १९८६ च्या फेब्रुवारीत बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या तिथल्याच एका उद्योजकानं ती विकत घेतली आणि तळमजल्यावर डेव्हिड हॉकनींच्या चित्रांचं दालन उघडलं. हॉकनी १९३७ ला ब्रॅडफर्डमध्ये जन्मले, म्हणजे घरचाच माणूस. आत जायला पैसे नाहीत. लांबच्या लांब दालन, लोखंडी खांबांच्या रांगा, पायाखाली जुनी फरशी, भिंतींवर चित्रं आणि टेबलांवर मोठाल्या कुंड्यांत ताजी फुलं. पुस्तकंही तिथंच टेबलांवर मांडून विकायला, कुणी हात लावू नका म्हणत नाही. वरच्या मजल्यावर पुस्तकांचं मोठं दुकान आणि खाणावळ. एके काळी याच इमारतीत टीव्हीचे सेट टॉप बॉक्स बनवणारी कंपनीही होती. म्हणजे चित्रं लावून संग्रहालय करून ठेवलं आणि झालं, असं नाही. माणसांना रोज यायला कारण ठेवलं.

आणि माणसं येतात. एक आजोबा रोज अकराला त्याच खुर्चीवर पेपर घेऊन बसलेले. बाळंतपणाच्या रजेवरच्या तीन मुली बाळांच्या गाड्या ढकलत आलेल्या. शाळेची सहल फरशीवर मांडी घालून चित्रं काढत होती. २०२५ हे ब्रॅडफर्डचं सांस्कृतिक शहराचं वर्ष होतं, त्यामुळे जिकडे तिकडे कार्यक्रमांचे कागद लागलेले. मी एका खांबाला हात लावून उभी राहिले. वडिलांचा डबा द्यायला लहानपणी मी आमच्या मिलच्या फाटकापर्यंत जायची, आत पाऊल टाकायला मिळालं नाही. मिल आतून निवांत बघायला मिळाली ती सातासमुद्रापलीकडे.

आमची मिल महाराजांनी १९०६ साली सुरू केली, २००३ साली बंद पडली. कोटीतीर्थ तळ्याच्या शेजारी ती अजून उभी आहे. २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिथं प्रदर्शनं भरली होती, तेव्हा आख्खं कोल्हापूर लोटलं होतं, मीही नातवंडांना घेऊन गेले होते. ते दिवस आठवा आणि एरवीचं बंद फाटक आठवा. त्याच कोटीतीर्थाच्या काठी आबालाल रहमान राहिले, त्याच तळ्याची चित्रं त्यांनी काढली. सॉल्टेअरला हॉकनी लाभले म्हणतात, आपल्याला तर चित्रकार मिलच्या शेजारचाच मिळालेला आहे. मिलच्या जागी महाराजांच्या स्मारकाच्या योजना निघत राहतात. माझं मागणं एवढंच की त्यात रोज उघडणारं एक दार असावं, पेपर वाचायला खुर्ची असावी, चहा मिळावा आणि भिंतीवर आबालाल असावेत.

जेवणाचं थोडक्यात. मिलमधल्या खाणावळीत जागा मिळायला शनिवारी-रविवारी थांबावं लागतं. पदार्थ ताजे, वाढणारी मुलं आपुलकीची, चव आपल्या जिभेला सौम्य. मी पर्समध्ये कांदा-लसूण चटणीची डबी ठेवली होती आणि ती वाढणाऱ्या मुलीला चाखवली, तिनं दुसऱ्यांदा मागितली. चीज-कांद्याचा भरलेला पाव मस्त. फळांच्या केकबरोबर वेन्सलीडेलचं चीज खातात, गोड आणि खारट एकत्र, पहिल्या घासाला विचित्र वाटतं आणि तिसऱ्याला आवडतं. पण मला खरी सापडलेली वस्तू म्हणजे पार्किन. ओट्स, आलं आणि काळी काकवी घालून केलेली वडी, यॉर्कशायरची आपली. ५ नोव्हेंबरच्या रात्री तिकडे शेकोट्या पेटवतात, त्या रात्रीचा हा पदार्थ. केल्या दिवशी खात नाहीत, डब्यात चार दिवस मुरू देतात, मग ती मऊ होते. इकडे आल्यावर मी गुऱ्हाळावरची काकवी आणून केली. आमच्या काकवीला उसाचा वास जास्त आहे, वडी आक्कांच्या वडीपेक्षा फिकी झाली आणि मला वाटतं चवीला सरस.

ह्यांचा जीव मात्र पाण्यात अडकला. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गावाच्या खालून लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो, १२७ मैल लांब, १७७० ला काम सुरू आणि १८१६ ला पूर्ण. काठानं चालत तासाभरात बिंग्ली येतं. वाटेत एके ठिकाणी कालवाच पुलावरून नदी ओलांडतो, खाली एअर वाहते आणि वर नावा. बिंग्लीला १७७४ सालचे पाच जलपाश, म्हणजे नाव वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे, एकाला एक लागून आहेत, पायऱ्यांसारखे, नाव अठराएक मीटर चढते. इंजिन नाही, वीज नाही, लाकडी दारं माणसानं पाठीनं रेटायची आणि खालच्या कप्प्यात पाणी सोडायचं. हे तिथं दोन तास उभे. एका नावेवर जोडपं होतं, त्यांना ह्यांनी दार रेटायला मदत केली आणि येताना सबंध वाटेत मला राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांबद्दल सांगत होते. माझे पाय दुखत होते, तरी त्यांचा चेहरा बघून मी थांबा म्हटलं नाही.

संध्याकाळी नदीपलीकडच्या रॉबर्ट्स पार्कमध्ये क्रिकेट. मधोमध सॉल्टचा पुतळा, त्याच्या चौथऱ्यावर अल्पाका कोरलेला. सॉल्टेअरच्या संघातून इंग्लंडचे गोलंदाज सिडनी बार्न्स खेळले आणि जिम लेकरही, एकाच कसोटीत १९ बळी घेणारे. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हे ह्यांना अभिमानानं सांगितलं. ह्यांनी मग आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. १९४८ ला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त नऊ धावा कमी, आणि समोरचा संघ सामना सोडून निघून गेला. म्हातारा इतका हळहळला की जणू काल घडलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या मित्राला घेऊन आला, "ती गोष्ट पुन्हा सांगा" म्हणून.

तिकडे सगळे एकमेकांना "लव्ह" म्हणतात, बसचा ड्रायव्हर, पाववाली मुलगी, तिकीट तपासणारा. आपल्याकडे "काय बाळ" म्हणतात तसं. बोलणं तुटक आणि सरळ, आमच्या कोल्हापूरकरांसारखं, गोड बोलून वेळ घालवत नाहीत. व्हिक्टोरिया हॉलमध्ये शुक्रवारी नाच होता, सत्तरीची जोडपी जुन्या लाकडी जमिनीवर गिरक्या घेत होती. १८७१ चं सभागृह अजून गावाच्या कामाला येतंय हे बघताना मला आमचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवलं. ऑगस्ट २०२४ च्या त्या रात्री आम्ही गच्चीवरून आगीचा उजेड बघितला होता. मी नाच अर्ध्यावर सोडून बाहेर येऊन बसले.

गैरसोयी सांगायलाच हव्यात. २००१ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी असते आणि राहणाऱ्यांना आपल्याच दारात गाडी लावायला जागा नसते. खिडकी-दार बदलायचं तर परवानगी लागते, थंडीत ओल येते, हे आक्कांनी सांगितलं. मिल सगळे वार उघडी नसते, बघून जा. शिप्ली ग्लेनची १८९५ ची डोंगर चढणारी छोटी ट्राम स्वयंसेवक चालवतात, तिचेही ठरावीकच दिवस.

आता आक्कांचं. पंधराव्या वर्षी त्या मिलमध्ये लागल्या, आधी मागावर, मग कापडातल्या गाठी चिमट्यानं काढून तुटका धागा सुईनं भरायच्या कामाला. माझं इंग्रजी पुस्तकी, उच्चार आपले. लेकीच्या मैत्रिणींना चार वेळा सांगावं लागतं. आक्कांना माझं पहिल्या वाक्यापासून कळत होतं. तिसऱ्या दिवशी मला उमजलं की त्या माझ्या ओठांकडे बघत आहेत. मागांच्या आवाजात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या बायका ओठ वाचायला शिकल्या होत्या, आणि कान पुढे गेले ते गेलेच. माझे वडीलही असेच. घरात मोठ्यानं बोलायचे, आणि मी बोलताना तोंडाकडे टक लावून बघायचे. लहानपणी मला वाटायचं ते रागावलेत. आई गेल्यावर त्यांच्याशी बोलायला मी नेहमी समोर बसायची, का ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला, बोलल्या काही नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांची मिल आहे अजून?"

"आहे," म्हटलं.

"आत कोण असतं?"

मी तोंड वळवलं, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत. त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

सप्टेंबरात त्या गावाचा उत्सव असतो. पुढच्या वर्षी तेच घर मागितलं आहे, यंत्र दुरुस्त करून द्या असं लेखी कळवून. आक्कांसाठी गुळाची एक ढेप बांधून ठेवली आहे आणि कोटीतीर्थाच्या बाजूनं काढलेले मिलचे चार फोटो, मोठे करून.